एका ‘मा’वर कारवाई झाली आणि अलीबाबाचा शेअर कोसळला! चीनमधल्या एका आडनावाची सव्वादोन हजार वर्षांची गोष्ट

तारीख होती ३ मे २०२२. हाँगकाँगच्या शेअर बाजारात सकाळचे व्यवहार सुरू होते. तेवढ्यात चीनच्या सरकारी वाहिनीने, म्हणजे सीसीटीव्हीने एक छोटीशी बातमी दिली. हांगझोऊ शहरात ‘मा’ आडनावाच्या एका व्यक्तीवर राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोहोचवल्याच्या संशयावरून कारवाई झाली होती. इंटरनेटचा वापर करून परदेशातल्या चीनविरोधी शक्तींशी हातमिळवणी केल्याचा आरोप होता. बातमीत पूर्ण नाव नव्हतं, वय नव्हतं, फोटोही नव्हता. होतं ते फक्त आडनाव आणि शहराचं नाव.

पण गुंतवणूकदारांना तेवढं पुरेसं होतं. हांगझोऊ म्हणजे अलीबाबा कंपनीचं गाव. आणि हांगझोऊचा सगळ्यात प्रसिद्ध ‘मा’ म्हणजे अलीबाबाचे संस्थापक जॅक मा. बघता बघता अलीबाबाचा शेअर ९ टक्क्यांहून जास्त घसरला. कंपनीच्या बाजारमूल्यातून काही मिनिटांत सुमारे २६ अब्ज डॉलर उडाले.

थोड्या वेळाने खुलासा आला की हे मा वेगळे. संशयिताचा जन्म १९८५ चा होता आणि तो एका आयटी कंपनीत काम करत होता. जॅक मा यांचा जन्म १९६४ चा. शेअर परत वर चढला आणि दिवस संपेपर्यंत बराचसा तोटा भरून निघाला.

पण एका आडनावावरून एवढा गोंधळ उडू शकतो, हे जगाने त्या दिवशी पाहिलं. हे ‘मा’ आडनाव नक्की आहे तरी काय? ते आलं कुठून? आणि एका आडनावावरून चीनमध्ये माणूस ओळखता येतो का? सविस्तर समजून घेऊ.

एका अक्षराने जीव भांड्यात पडला

चीनमधली माध्यमं संशयितांचं पूर्ण नाव बहुतेक वेळा देत नाहीत. आडनाव दिलं जातं आणि पुढच्या नावाच्या जागी ‘मोऊ’ हे अक्षर येतं. ‘मोऊ’ म्हणजे ‘अमुक’. मा मोऊ म्हणजे मा अमुक.

चिनी नावात आडनाव आधी येतं आणि स्वतःचं नाव नंतर. आडनाव बहुधा एका अक्षराचं असतं, नाव एका किंवा दोन अक्षरांचं. जॅक मा यांचं खरं चिनी नाव मा युन. म्हणजे नाव एकाच अक्षराचं, ‘युन’. बातमीत सुरुवातीला ‘मा मोऊ’ असं आलं होतं. एकच ‘मोऊ’, म्हणजे नाव एका अक्षराचं असणार, असा अर्थ वाचणाऱ्यांनी काढला. शहर जुळलं, आडनाव जुळलं आणि अक्षरांची संख्याही जुळली.

नंतर बातमीत दुरुस्ती करून ‘मा मोऊमोऊ’ असं छापण्यात आलं. एक ‘मोऊ’ वाढला आणि हा माणूस दोन अक्षरी नावाचा आहे, म्हणजे मा युन नाही, हे चिनी वाचकाला लगेच कळलं.

लोक एवढे घाबरले त्यालाही कारण होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जॅक मा यांनी शांघायमधल्या एका परिषदेत चीनच्या आर्थिक नियामकांवर जाहीर टीका केली होती. त्यानंतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या अँट ग्रुपचा अवाढव्य आयपीओ ऐनवेळी रोखला गेला. जॅक मा काही महिने सार्वजनिक जीवनातून दिसेनासेच झाले. एप्रिल २०२१ मध्ये अलीबाबाला १८.२ अब्ज युआनचा दंड झाला. अशा वातावरणात हांगझोऊच्या कुणा ‘मा’ला ताब्यात घेतल्याची बातमी आली तर बाजार घाबरणारच.

एवढे लोक, इतकी कमी आडनावं?

गोंधळाचं दुसरं कारण म्हणजे चीनमधली आडनावांची टंचाई. लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास, पण वापरातली आडनावं साधारण सहा हजार. त्यातही पहिली शंभर आडनावंच जवळपास ८५ टक्के लोकांना पुरून उरतात. वांग, ली, झांग, लिऊ आणि चेन या पाच आडनावांखाली देशातले ३० टक्के लोक येतात. एकट्या वांग आडनावाचे लोक दहा कोटींहून जास्त आहेत. ली आडनावाचेही तितकेच.

मा या यादीत पहिल्या वीसमध्ये येतं. त्यामुळे हांगझोऊसारख्या मोठ्या शहरात ‘एक मा’ म्हणणं म्हणजे गर्दीत हाक मारण्यासारखं आहे.

आडनावं इतकी कमी असण्याची कारणं जुनी आहेत. चीनमध्ये आडनावं फार लवकर पक्की झाली. आडनाव वडिलांकडून मुलाकडे जातं, त्यामुळे ज्या घराण्यात मुलगा नसेल तिथे आडनावही संपतं. शेकडो पिढ्या असं होत राहिलं, की छोटी आडनावं गळून पडतात आणि मोठी आणखी मोठी होत जातात. लग्नानंतर बाई मात्र स्वतःचं आडनाव बदलत नाही.

दुसरं कारण राजकीय आहे. उत्तरेकडून आलेल्या, दक्षिणेकडे जिंकल्या गेलेल्या अनेक जमातींनी चिनी पद्धतीची एक अक्षरी आडनावं घेतली. कधी आपखुशीने, तर कधी हुकमाने. उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने इसवी सन ४९६ मध्ये आपल्याच शियानबेई लोकांना लांबलचक आडनावं सोडून चिनी आडनावं घ्यायला लावली. स्वतःच्या राजघराण्याचं ‘तुओबा’ हे आडनावही त्याने बदलून ‘युआन’ केलं.

म्हणजे चीनमध्ये आडनाव एकच असलं, तरी त्यामागचे पूर्वज एक असतीलच असं नाही. ‘मा’ हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण.

मा म्हणजे घोडा

मा या अक्षराचा अर्थ घोडा. तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये बैलांच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर मजकूर कोरला जायचा. त्यात हे अक्षर म्हणजे अक्षरशः घोड्याचं चित्र आहे. डोळा, मानेवरची आयाळ, पाय आणि शेपूट, सगळं दिसतं. पुढे चित्राचं अक्षर झालं. पारंपरिक लिपीत ते लिहायला दहा रेघा लागतात. १९५० च्या दशकात चीनने लिपी सोपी केली, तेव्हा हा घोडा तीन रेघांवर आला. तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही दहा रेघांचाच घोडा लिहितात.

बोलताना मात्र जपावं लागतं. मँडरिनमध्ये आवाजाच्या चढउतारावर अर्थ ठरतो. ‘मा’ एका सपाट उंच सुरात म्हटलं तर आई. सूर चढवला तर ताग-अंबाडीसारखं धाग्याचं पीक. सूर खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा. आणि सूर झटकन खाली आणला तर शिव्या देणं. आडनाव आहे ते तिसऱ्या सुरातलं.

टेन्सेंट या कंपनीचे प्रमुख मा हुआतेंग. ‘वीचॅट’ ॲप याच कंपनीचं. जग त्यांना ‘पोनी मा’ म्हणून ओळखतं. पोनी म्हणजे छोटा घोडा, आणि मा म्हणजे घोडा. आडनावावरूनच केलेली ही कोटी आहे. २०१३ मध्ये जॅक मा, पोनी मा आणि पिंग आन या विमा कंपनीचे मा मिंगझे यांच्या कंपन्यांनी मिळून एक ऑनलाइन विमा कंपनी काढली, तेव्हा चिनी माध्यमांनी तिला ‘तीन मां’ची, म्हणजे तीन घोड्यांची कंपनी म्हणायला सुरुवात केली.

चिनी लिपीत परकी नावं लिहायची तर आवाज जुळणारी अक्षरं शोधावी लागतात. तिथे हा घोडा हमखास धावून येतो. कार्ल मार्क्स चिनीत ‘मा’ने सुरू होतात, इलॉन मस्कही. मलेशिया ‘मा’ने सुरू होतो आणि मॅरेथॉनसुद्धा. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांचं नाव चिनीत ‘मा-क-लोंग’ असं लिहितात. अक्षरांचा अर्थ लावला तर ‘घोडा ड्रॅगनवर मात करतो’ असा निघतो. जानेवारी २०१८ मध्ये मॅक्रॉन चीनला गेले तेव्हा त्यांनी शी जिनपिंग यांना फ्रेंच घोडदळातला एक घोडा भेट दिला. नावातल्या घोड्याची चर्चा तेव्हा माध्यमांत बरीच रंगली होती.

पहिला मा कोण?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मा आडनावाच्या बहुतेक वंशावळी एका माणसापाशी जाऊन थांबतात. गंमत म्हणजे त्याचं आडनाव मा नव्हतंच. त्याचं नाव झाओ शे.

इसवी सनापूर्वी तिसरं शतक. चीन तेव्हा एकसंध देश नव्हता, सात मोठी राज्यं एकमेकांशी लढत होती. त्यातल्या झाओ राज्यात झाओ शे हा कर वसूल करणारा अधिकारी होता. राजाच्या भावाच्या वाड्याने कर भरायला नकार दिला. झाओ शेने कायद्यावर बोट ठेवलं आणि त्या वाड्याच्या नऊ कारभाऱ्यांना देहदंड दिला. राजाचा भाऊ चिडला आणि त्याचा जीव घ्यायला निघाला. झाओ शेने त्याला सुनावलं की तुमच्यासारख्यांनीच कायदा मोडला तर राज्य दुबळं होईल, आणि राज्य दुबळं झालं तर तुमची श्रीमंती तरी कुठे टिकेल? राजाचा भाऊ शांत झाला आणि त्यानेच झाओ शेची राजाकडे शिफारस केली.

पुढे इसवी सनापूर्वी २७० च्या सुमारास झाओ शेने बलाढ्य चिन राज्याच्या फौजेचा पराभव केला. खूश होऊन राजाने त्याला ‘माफूचा सरदार’ ही पदवी दिली. त्याच्या वंशजांनी हीच पदवी आडनाव म्हणून लावली. आधी माफू, आणि मग आटोपशीर मा.

घराण्याला एक काळा डागही आहे. झाओ शेचा मुलगा झाओ कुओ युद्धशास्त्राच्या चर्चेत कुणाला हार जात नसे, पण प्रत्यक्ष लढाईचा त्याला अनुभव नव्हता. इसवी सनापूर्वी २६० मध्ये चांगपिंगच्या लढाईत त्याच्या हाती सैन्य दिलं गेलं. तो स्वतः मारला गेला. शरण आलेल्या त्याच्या सैनिकांचीही कत्तल झाली. जुन्या इतिहासग्रंथांत हा आकडा चार लाखांवर दिला आहे. नुसत्या बाता मारणाऱ्यासाठी चिनी भाषेत ‘कागदावर युद्ध खेळणारा’ असा वाक्प्रचार आहे. तो या झाओ कुओशी जोडला जातो.

याच घराण्यात पुढे मा युआन हा सेनापती झाला. त्याचा काळ पहिल्या शतकाचा. चीनमध्ये तो शौर्याचा आदर्श मानला जातो. मरण यावं ते रणांगणावर आणि प्रेत यावं ते घोड्याच्या कातड्यात गुंडाळून, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे आणि त्यावरूनही वाक्प्रचार झाला आहे. व्हिएतनाममध्ये मात्र चित्र उलटं आहे. चिनी सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्या त्रुंग बहिणी तिथे राष्ट्रीय वीरांगना आहेत, आणि इसवी सन ४३ मध्ये ते बंड चिरडणारा सेनापती होता हाच मा युआन.

पदावरून आलेला ख्रिश्चन ‘मा’

पण सगळे मा झाओ शेचे वंशज नाहीत. तेराव्या-चौदाव्या शतकात, मंगोल सत्तेच्या काळात, चीनमध्ये मा झूचांग हा मोठा कवी आणि दरबारी अधिकारी होऊन गेला. त्याचं आडनाव मा, शिक्षण कन्फ्युशियसच्या परंपरेतलं आणि कविता चिनी भाषेतल्या. पण त्याचे पूर्वज ओंगुत जमातीचे होते. ही तुर्की वंशाची जमात. आणि धर्माने ते नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या पंथाचे ख्रिश्चन होते.

मग ते मा कसे झाले? त्यांच्या एका पूर्वजाकडे लष्करी कामकाजाचं एक पद होतं. त्या पदाच्या नावात सैन्य आणि घोडे असे शब्द होते. त्यातलं ‘घोडा’ म्हणजे ‘मा’ हे अक्षर उचलून घराण्याने आडनाव केलं. काही पिढ्यांनंतर नावावरून हे घराणं कुठून आलं, हे ओळखणं अशक्य झालं.

मुहम्मदचा ‘मा’

आता सगळ्यात मोठी शाखा. चीनमध्ये एक म्हण आहे की दहा हुईंमागे नऊ मा. हुई म्हणजे चिनी भाषा बोलणारे मुस्लिम. त्यांची संख्या एक कोटीहून जास्त आहे. म्हणीत अतिशयोक्ती आहे, पण निंगश्या, गान्सू, चिंगहाय आणि युनान या भागांत फिरलं तर ती का पडली असेल ते कळतं.

अरब, इराणी आणि मध्य आशियातले मुस्लिम व्यापारी सातव्या-आठव्या शतकापासून चीनमध्ये येत होते. मंगोलांच्या काळात तर ते मोठ्या संख्येने आले. सैनिक, कारागीर, ज्योतिषी, करवसुली करणारे आणि प्रांतांचे सुभेदारही. बुखाराहून आलेल्या सय्यद अजल शम्सुद्दीन यांना कुबलाई खानाने १२७४ मध्ये युनान प्रांताचा कारभार दिला होता.

१३६८ मध्ये मंगोलांची सत्ता गेली आणि मिंग घराणं आलं. नव्या राजवटीने परका पेहराव, परकी भाषा आणि परकी आडनावं यांच्याविरुद्ध आदेश काढले. मंगोल आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी आपापसात लग्नं न करता चिनी घरांशी सोयरीक करावी, असा कायदाही केला. मुहम्मद, महमूद, मसूद अशी नावं चालेनाशी झाली.

मग लोकांनी मार्ग काढला. नावातला जवळचा आवाज पकडायचा आणि त्या आवाजाचं चिनी आडनाव लावायचं. मुहम्मद, महमूद यांचं मा झालं. हसनसारख्या नावांचं हा झालं. सगळ्यात मजेशीर कथा नसरुद्दीन या नावाची. युनानच्या त्या शम्सुद्दीन यांचा मुलगा नसरुद्दीन. त्याच्या वंशजांनी या नावाची चार अक्षरं वाटून घेतली आणि ना, सू, ला, दिंग अशी चार आडनावं झाली, असं परंपरा सांगते.

मा हे आडनाव सोयीचं होतं. चीनमध्ये ते आधीपासून रुजलेलं, प्रतिष्ठित आडनाव होतं. बाहेरच्याला ते ऐकून काहीच वेगळं वाटणार नव्हतं. घरातल्या लोकांना मात्र ‘मा’ म्हणजे काय ते ठाऊक होतं. कागदावर घोडा, मनात मुहम्मद.

कालिकतला आलेला ‘मा’

या मा मंडळींमधला एक माणूस थेट भारताच्या किनाऱ्यावर उतरला होता. जग त्याला झेंग हे या नावाने ओळखतं. १४०५ ते १४३३ या काळात प्रचंड आरमार घेऊन त्याने सात सफरी केल्या. केरळमधल्या कालिकत आणि कोचीला त्याची जहाजं येत. पुढे अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत ती पोहोचली.

या झेंग हेचं जन्मनाव होतं मा हे. जन्म १३७१ चा, युनानमधल्या मुस्लिम घरातला. वडील आणि आजोबा दोघांनाही ‘हाजी’ म्हणत. म्हणजे घराण्यात हजयात्रेची परंपरा होती. मिंग सैन्याने युनान जिंकलं तेव्हा हा मुलगा पकडला गेला. त्याला खोजा करून राजपुत्राच्या सेवेत ठेवलं. तोच राजपुत्र पुढे सम्राट झाला आणि १४०४ मध्ये त्याने सन्मान म्हणून त्याला ‘झेंग’ हे आडनाव बहाल केलं. मुहम्मदचं मा आणि माचं झेंग. एकाच घराण्यात आडनाव दोनदा बदललं, आणि दोन्ही वेळा कारण सत्ता होती.

झेंग हेसोबत मा हुआन नावाचा दुभाषी होता. तोही मुस्लिम. कोची आणि कालिकतमधला बाजार, मिरीचा व्यापार, वजनमापं, चालीरीती यांची त्याने केलेली नोंद आजही पंधराव्या शतकातल्या भारताचा अभ्यास करताना वापरली जाते.

झेंग हेच्या काळातला १४०९ चा एक शिलालेख श्रीलंकेत गॉल इथे सापडला. चिनी, तमीळ आणि फारसी अशा तीन भाषांत तो आहे. चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूच्या स्थानिक रूपाला आणि फारसीत अल्लाहला दान दिल्याची नोंद आहे.

सरदार मा आणि घोडा हरवलेले मा

एकोणिसाव्या शतकात युनान आणि वायव्य चीनमध्ये मुस्लिमांची मोठी बंडं झाली. ती चिरडली गेली. त्यातून वाचलेल्या काही मा घराण्यांनी सरकारची बाजू धरली आणि पुढे वायव्येत आपली सत्ता उभी केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिंगहायवर मा बुफांग आणि निंगश्यावर मा होंगकुई यांची हुकूमत होती. इतिहासात या सगळ्यांना मिळून ‘मा टोळी’ म्हणतात. १९४९ मध्ये कम्युनिस्ट आल्यावर मा बुफांगने देश सोडला आणि तो शेवटी सौदी अरेबियात स्थायिक झाला.

बंडं चिरडली गेल्यानंतर काही हुई लोक बर्फाळ डोंगर ओलांडून रशियन साम्राज्यात गेले. आज कझाकस्तान आणि किर्गिझस्तानमध्ये त्यांना डुंगन म्हणतात. ते अजूनही चिनीचीच एक बोली बोलतात, पण लिहितात रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीत. त्यामुळे त्यांच्याकडे ‘मा’ हा आवाज राहिला आणि घोड्याचं चित्र गेलं. कझाकस्तानमधलं मसांची हे गाव मगाझा मसांची या डुंगन क्रांतिकारकाच्या नावाने ओळखलं जातं. त्या नावातला पहिला ‘मा’ म्हणजे हाच मा. फेब्रुवारी २०२० मध्ये याच गावात आणि आसपास वांशिक दंगल उसळली. अकरा जणांचा जीव गेला आणि हजारो डुंगनांना सीमा ओलांडून किर्गिझस्तानात आसरा घ्यावा लागला.

मग मा आडनाव म्हणजे मुस्लिम का?

सोशल मीडियावर हा समज बऱ्याचदा दिसतो. तो चुकीचा आहे. जॅक मा हान चिनी आहेत. तैवानचे माजी अध्यक्ष मा यिंग-जिऊ हेही हान. टेबल टेनिसचा दिग्गज मा लोंग याच्या नावात तर घोडा आणि ड्रॅगन दोन्ही आहेत. प्रख्यात चेलोवादक यो-यो मा यांचं आडनावही हेच.

उलट दिशेनेही फसगत होते. मिंग घराण्याच्या संस्थापकाची सम्राज्ञी मा आडनावाची होती. तेवढ्यावरून ती मुस्लिम होती असं लोकपरंपरेत सांगितलं जातं. समकालीन नोंदींत मात्र त्याला आधार मिळत नाही.

चीनमध्ये जुन्या काळी एकाच आडनावात लग्न निषिद्ध होतं, आपल्याकडच्या सगोत्र विवाहासारखं. तांग काळापासून कायद्यातच तशी बंदी होती. हुई समाजात मात्र मा मुलाचं मा मुलीशी लग्न होणं नवीन नाही. कारण दोघांचे पूर्वज एकच असतील असं तिथे कुणी गृहीत धरत नाही.

चीनबाहेर गेल्यावर हेच आडनाव वेशही बदलतं. मलेशिया आणि सिंगापूरमधल्या काही दक्षिण चिनी बोलींत याचा उच्चार ‘बेह’ असा होतो. म्हणजे एक मा आणि एक बेह कागदावर एकच अक्षर लिहीत असतात.

हे सगळं आज महत्त्वाचं का आहे?

कारण चीनमध्ये सध्या धर्मांचं ‘चिनीकरण’ हे सरकारी धोरण आहे. २०१८ मध्ये इस्लामच्या चिनीकरणाची पाच वर्षांची योजना ठरली. मशिदींचे घुमट आणि मिनार काढून तिथे चिनी पद्धतीची छपरं बसवली गेली. अरबी पाट्या उतरवल्या गेल्या. शिनजियांगमध्ये मुलांना मुहम्मद, इस्लाम, मक्का यांसारखी नावं ठेवायला मनाई केल्याच्या बातम्या २०१७ मध्येच आल्या होत्या. तिथले उइघुर लोक तुर्की भाषा बोलतात, त्यांची नावंही वेगळी. त्यांच्यावरच्या कारवाईची जगभर चर्चा झाली.

हुई लोकांची गोष्ट वेगळी आहे. ते चिनी बोलतात, चिनी आडनावं लावतात. सहाशे वर्षांपूर्वी राज्याने जे मागितलं ते त्यांच्या पूर्वजांनी कधीच दिलं होतं. तरीही मे २०२३ मध्ये युनानमधल्या नागू गावात मशिदीचा घुमट आणि मिनार पाडण्यावरून गावकरी आणि पोलीस आमनेसामने आले. या मशिदीचं नाव नाजियायिंग. अर्थ, ‘ना कुटुंबाची छावणी’. हे ‘ना’ म्हणजे नसरुद्दीनमधलं पहिलं अक्षर.

म्हणजे आडनाव चिनी केलं, भाषा चिनी केली, तरी ‘पुरेसं चिनी’ झालं का, हा प्रश्न संपलेला नाही. आणि तो विचारणारी सत्ता ज्या संस्कृतीला ‘अस्सल चिनी’ म्हणते, तिच्या सगळ्यात सामान्य आडनावांपैकी एकात तुर्की ख्रिश्चन, बुखाराचे मुस्लिम आणि झाओ राज्याचा कर अधिकारी हे सगळे एकत्र बसलेले आहेत.

आडनावाचा राजकीय उपयोग उलट बाजूनेही होतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग आणि मा यिंग-जिऊ सिंगापूरमध्ये भेटले. चीन आणि तैवानच्या नेत्यांची १९४९ नंतरची ही पहिलीच भेट. एकमेकांना ‘अध्यक्ष’ म्हणायचं तर समोरच्याचं सरकार मान्य केल्यासारखं झालं असतं. मग आधीच ठरलं की पदाचा उल्लेखच करायचा नाही. एक झाले ‘श्रीयुत शी’ आणि दुसरे ‘श्रीयुत मा’. पदांवरून जे जमलं नसतं ते नुसत्या आडनावांनी साधलं.

जॅक मा यांचं सांगायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये शी जिनपिंग यांनी बीजिंगमध्ये बड्या उद्योजकांची बैठक घेतली, तेव्हा ते तिथे हजर होते. पोनी मासुद्धा होते. त्या उपस्थितीचा अर्थ लावायला बाजाराला या वेळी आडनावावर अवलंबून राहावं लागलं नाही, कारण दोघांचेही चेहरे सरकारी वाहिनीवर स्पष्ट दिसत होते.

३ मे २०२२ ला मात्र बाजारासमोर होतं फक्त एक आडनाव. ते वाचून हजारो लोकांनी एकाच माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि शेअर विकून टाकले. चीनमध्ये ‘मा’ म्हटल्यावर तो माणूस कुठला, कुठल्या धर्माचा, कुणाचा वंशज, यातलं काहीही खात्रीने सांगता येत नाही. कागदावर एवढंच कळतं की त्याच्या नावात एक घोडा आहे. त्या दिवशी एवढ्याच माहितीवर पैज लावणाऱ्यांचे काही मिनिटांत २६ अब्ज डॉलर गेले होते.